सर्व्हर अडकला की आधी काय बघायचं: लिनक्स नुकतंच गळ्यात पडलेल्यांसाठी

सकाळी पावणेआठला फोन येतो, "अरे साइट उघडत नाहीये, बघ ना जरा", आणि आपण अर्धवट झोपेत लॅपटॉप उघडून पहिलं काम काय करतो, तर रिबूट मारतो. मी पण पहिलं वर्षभर हेच करायचो. बऱ्याचदा सगळं चालू पण होतं, चहा पिईपर्यंत आपण हिरो असतो, आणि चार दिवसांनी बरोबर त्याच वेळेला तोच फोन परत. कारण रिबूटने फक्त ताप उतरलेला असतो, आजार तसाच असतो, आणि वर पुरावे पण पुसले गेलेले असतात. कुठली प्रोसेस मेमरी खात होती, कोण कुठली फाइल धरून बसलं होतं, मशीन बंद झालं की हे सगळं गेलं. काही सिस्टमवर तर /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डरच नसतो, तिथे सिस्टमडीचे (सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम) लॉग नुसते मेमरीत राहतात, म्हणजे रिबूटबरोबर तेही साफ. शिवाय रिबूटला गेलेलं मशीन परत वर येईलच याची गॅरंटी कोणी दिलीये? का येत नाही ते अगदी शेवटी सांगतो, तो माझा स्वतःचा पराक्रम आहे.

तर ज्यांच्या हातात नवीन नवीन सर्व्हर आलाय, सीडी, एलएस, कॅट वगैरे जमतं, पण काही बिघडलं की कुठून सुरू करायचं ते सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं उबंटू आणि डेबियनची आहेत, रेड हॅटच्या घराण्यात वेगळं असेल तिथे सांगीन. कमांड्स मी तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं, आणि सगळी लहान, कॅपिटल लागत असेल तिथे मुद्दाम सांगितलंय.

पहिली दोन मिनिटं नुसतं बघायचं

लॉगिन झालात की काहीही बदलायच्या आधी या पाच कमांड मारा, याच क्रमाने, मला आता झोपेत पण येतात:

अपटाइम
डीएफ -एच
फ्री -एच
सिस्टमसीटीएल --फेल्ड
सुडो जर्नलसीटीएल -पी ईआरआर --सिन्स "१ आवर अगो"

अपटाइम सांगतं मशीन कधीपासून चालू आहे आणि लोड किती आहे. तुम्हाला वाटतंय तीन महिने चालू आहे आणि ते दाखवतंय १२ मिनिटं, म्हणजे मशीन आपोआप किंवा कोणीतरी रिस्टार्ट केलंय, तपास तिथूनच सुरू. डीएफ डिस्कचं, फ्री मेमरीचं, चौथी कमांड कुठली सर्व्हिस मेलीये ते, आणि पाचवी गेल्या तासाभरातले फक्त एरर.

फ्री बघताना नवीन लोक हमखास घाबरतात, कारण फ्री नावाच्या कॉलमात २०० एमबी वगैरे दिसतं. तो कॉलम सोडून द्या, अव्हेलेबलचा बघा. लिनक्स रिकामी मेमरी डिस्कवरच्या फाइल्स कॅश करायला वापरतो आणि गरज पडली की लगेच सोडतो, त्यामुळे फ्री कमी असणं हे चांगलंच लक्षण आहे.

यानंतर एकच प्रश्न विचारायचा, शेवटचं काय बदललं? "काहीच बदललं नाही" हे उत्तर मिळणारच, त्यावर विश्वास ठेवायचा नाही. लास्ट ही कमांड कोण कधी लॉगिन झालं ते सांगते, आणि /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग या फाइलमधे कुठलं पॅकेज कधी अपडेट झालं ते तारखेसकट असतं. रेड हॅटवाल्यांना डीएनएफ हिस्टरी. कित्येकदा रात्रीच्या आपोआप अपडेटमधे सर्व्हिस रिस्टार्ट झालेली असते, आणि सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी कॉन्फिग फाइलमधे केलेली चूक तेव्हा पहिल्यांदा बाहेर येते.

डिस्क भरणे, म्हणजे निम्म्या दुखण्यांचं मूळ

डिस्क भरली की सरळ "डिस्क भरली" असं कोणी सांगत नाही, हीच गंमत आहे. डेटाबेस कसलातरी भलताच एरर देतो, साइट पांढरी पडते, अपलोड होत नाही, मेल जात नाही, प्रत्येकजण आपापलं रडगाणं गातो. मला तर कित्येकदा टॅब दाबल्यावर कळलंय: अर्धी कमांड लिहून टॅब दाबला की बॅश म्हणतं टेम्प फाइल बनवता येत नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. हे दिसलं की बाकी सगळं सोडून डीएफ -एच.

समजा / समोर १००% दिसतंय. आता कोणी खाल्लं ते शोधायचं:

सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच

यातला एक्स महत्त्वाचा आहे, त्याने डीयू दुसऱ्या माउंट केलेल्या, म्हणजे फोल्डर म्हणून जोडलेल्या, डिस्कमधे घुसत नाही. सर्वात खालची ओळ एकूण बेरजेची असते, सगळ्यात मोठा फोल्डर तिच्या लगेच वर येतो, बहुतेक वेळा /व्हार. मग तीच कमांड /व्हार वर, मग त्याच्या आत, असं एकेक पायरी उतरत जायचं. एनसीडीयू नावाचं छान टूल आहे, त्यात बाणाच्या बटणांनी फिरता येतं, पण ते आधीपासून टाकून ठेवा, डिस्क तुडुंब असताना इन्स्टॉल करायला गेलात तर एपीटीलाही (पॅकेज टाकणारं टूल) जागा लागते, आणि ते अर्धवट अडकलं तर आगीतून फुफाट्यात.

नेहमीचे संशयित ठरलेले आहेत. सिस्टमडीचं जर्नल असेल तर जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज ने किती खाल्लंय ते कळतं आणि सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम ने कमी होतं, त्यातला एम कॅपिटल. तसं ते स्वतःहून डिस्कच्या १०% किंवा ४ जीबी यातलं जे कमी असेल तिथे थांबतं, पण २० जीबीच्या मशीनवर २ जीबी पण खूप झाले. एपीटीची जुनी डाउनलोड सुडो एपीटी क्लीन ने जातात. आणि डॉकर (ॲप्लिकेशन वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरमधे, चालवणारं टूल) असेल तर बहुतेक गुन्हेगार तोच, कारण कंटेनरच्या लॉगला डॉकर स्वतःहून काहीच मर्यादा घालत नाही, महिनोन्महिने एकच फाइल फुगत राहते. डॉकरच्या डेमन.जेसन या कॉन्फिग फाइलमधे मॅक्स-साइज टाकता येतं, पण ते फक्त त्यानंतर नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागू होतं, जुने कंटेनर पाडून परत उभे करावे लागतात, हे न कळल्यामुळे मी "सेटिंग तर केलंय" म्हणत दोनदा त्याच खड्ड्यात पडलोय.

आता एक प्रसंग सांगतो. ४० जीबीची डिस्क, त्यात एका जावा ॲप्लिकेशनचा लॉग २६ जीबीचा. सापडला चोर म्हणून मी आनंदाने आरएम मारला, फाइल गेली, डीएफ बघतो तर १००%. परत बघितलं, १००%. डीयू म्हणतोय १२ जीबी वापरात, डीएफ म्हणतोय ४० पैकी ४०. पाऊण तास मी साप म्हणून भुई धोपटत बसलो, इकडची तिकडची कामाची बॅकअप फाइल पण उडवली, जी नंतर लागली. झालं काय होतं, तर लिनक्समधे फाइल डिलीट करणं म्हणजे फक्त नाव पुसणं. दारावरची पाटी काढली म्हणून आतला भाडेकरू घर सोडत नाही, तसंच ज्या प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवलीये ती सोडत नाही तोपर्यंत जागा मोकळी होत नाही. डीयू पाट्या मोजतो, डीएफ घरं मोजतो. असे पाटी नसलेले भाडेकरू शोधायची कमांड:

सुडो एलएसओएफ +एल१

एल कॅपिटल. यात प्रोसेसचं नाव, पीआयडी म्हणजे तिचा नंबर, आणि फाइलचा आकार दिसतो. मग ती सर्व्हिस रिस्टार्ट केली की जागा एका फटक्यात मोकळी. सर्व्हिस रिस्टार्ट करता येण्यासारखी नसेल तर चालू लॉग कधी डिलीट करूच नका, जागेवरच रिकामा करा:

सुडो ट्रंकेट -एस ० /व्हार/लॉग/ॲप/मोठा.लॉग

फाइल तीच राहते, आतला माल जातो, प्रोसेसला पत्ता पण लागत नाही. अर्थात आधी शेवटच्या दोनशे ओळी टेल करून कुठेतरी कॉपी करून घ्या, लॉग एवढा का फुगला ते त्यातच लिहिलेलं असतं. आणि मग लॉगरोटेटमधे (लॉग ठराविक काळाने तोडून जुने काढून टाकणारं टूल) त्या लॉगची एंट्री करा, सुडो लॉगरोटेट -डी आणि पुढे कॉन्फिग फाइल दिली की खरं काही न करता काय करणार ते दाखवतं.

एवढं करून डीएफ मधे जागा दिसतेय, ७०% वगैरे, तरी नो स्पेस लेफ्ट येतंय? मग डीएफ -आय मारा. जागा आहे पण आयनोड संपलेत. आयनोड म्हणजे फाइलमागे एक नोंद, आणि ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टम) मधे या नोंदींचं प्रमाण डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं, साधारण दर १६ केबीमागे एक, ते नंतर बदलता येत नाही. लहान लहान लाखो फाइल्स झाल्या की वही संपते, कपाट अर्धं रिकामं असतं. पीएचपीच्या सेशन फाइल्स, न गेलेल्या मेलची रांग, कॅशचे फोल्डर, इथे बघा. डीयूला --आयनोड्स दिलं तर आकाराऐवजी संख्या मोजतो. आणि लाखो फाइल्सच्या फोल्डरमधे आरएम * चालत नाही, आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग म्हणून परत पाठवतं, तिथे फाइंड पुढे फोल्डरचं नाव, -टाइप एफ -एमटाइम +७ -डिलीट. फक्त -डिलीट हे शेवटीच लिहा, फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं, ते आधी आलं तर अटी बघायच्या आधीच सगळं उडतं.

जाता जाता, १ टीबीच्या डेटा डिस्कवर ५० जीबी कुठे गायब झाले असं वाटत असेल तर ते ईएक्सटी४ने रूटसाठी राखून ठेवलेले ५% आहेत. सिस्टमच्या डिस्कवर ते असू द्या, त्यामुळेच भरलेल्या मशीनवर आपण रूट म्हणून काम करू शकतो. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ट्यून२एफएस -एम १ ने कमी करता येतात.

सर्व्हिस उठत नाही

सिस्टमसीटीएल स्टार्ट मारलं, फेल्ड आलं, परत मारलं, परत फेल्ड, मग अजून तीनदा. असं सगळेच करतात. सिस्टमडी १० सेकंदात ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करायचा प्रयत्न झाला की हात वर करतं आणि स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली म्हणतं, आणि मग लोक त्या वाक्यालाच मूळ एरर समजून शोधत बसतात. मूळ एरर त्याच्या वर असतो. म्हणून:

सुडो जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -एन ५०

आणि खालून वर वाचत जायचं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ॲड्रेस ऑलरेडी इन यूज निघतं, म्हणजे ८० नंबरच्या पोर्टवर आधीच कोणीतरी बसलंय. सुडो एसएस -टीएलएनपी मारा, कोण बसलंय ते नावासकट दिसेल, आणि निम्म्या वेळा ते अपाची, म्हणजे दुसरा वेब सर्व्हर, असतं, कुठल्यातरी पॅकेजबरोबर न सांगता आलेलं. कॉन्फिग बदलला असेल तर रिस्टार्टच्या आधी एनजिनएक्स -टी, ते ओळ नंबरसकट चूक सांगतं, फुकट आहे, वापरा.

स्वतः लिहिलेल्या सर्व्हिसमधे स्टेटस २०३/एक्झेक दिसलं तर सिस्टमडीला तो प्रोग्राम चालवताच आला नाही. पाथ चुकलाय, किंवा एक्झिक्यूट परमिशन नाहीये, किंवा पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर चुकलाय. यातला तिसरा प्रकार छळतो, कारण स्क्रिप्ट विंडोजवर लिहून कॉपी केली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेक्टर येतं आणि मशीन /बिन/बॅश^एम नावाचा प्रोग्राम शोधत बसतं. डॉस२युनिक्स मारलं की सुटतो प्रश्न. सर्व्हिसच्या युनिट फाइलमधे (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) काही बदललं की सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड विसरू नका, नाहीतर जुनीच फाइल चालते आणि आपण म्हणतो मी बदललं तरी फरक कसा पडेना.

परमिशन डिनाइड आणि ७७७ नावाची सवय

इंटरनेटवर कुठेतरी वाचून सीएचमॉड -आर ७७७ (आर कॅपिटल) मारणाऱ्यांना मी हात जोडतो. बाबांनो, त्याने एरर जातो पण मग त्या मशीनवरची कुठलीही प्रोसेस तुमच्या फाइलमधे काहीही लिहू शकते, आणि एसएसएचसारख्या (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं साधन) गोष्टी तर उलट बंद पडतात कारण त्यांना ढिली परमिशन चालतच नाही.

खरी गोम बहुतेक वेळा फाइलमधे नसते, रस्त्यात असते. फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्स, म्हणजे आत शिरायची, परमिशन लागते. उदाहरण घ्या, तुम्ही साइट /होम/माझं_नाव/साइट मधे ठेवलीत, फाइल ६४४, सगळं बरोबर, तरी एनजिनएक्स ४०३ देतं. जुन्या उबंटूवर हेच चालत होतं. कारण उबंटूने २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५० केलाय, म्हणजे परक्याला दारातच अडवलं जातं. हे एका कमांडमधे दिसतं:

नेमआय -एल /होम/माझं_नाव/साइट/इंडेक्स.एचटीएमएल

रूटपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीची परमिशन आणि मालक एकाखाली एक येतो, जिथे एक्स नाही ती पायरी शोधायची. आणि साइट होममधे ठेवायचीच कशाला, /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे की त्यासाठी.

रेड हॅट, रॉकी, आल्मा यांवर सगळ्या परमिशन बरोबर असूनही डिनाइड येत असेल तर एसईलिनक्स, म्हणजे परमिशनच्या वरचा आणखी एक पहारा, तो फाइलवरचं लेबल बघतो. गेटएन्फोर्स मारून एन्फोर्सिंग आलं तर एलएस -झेड ने लेबल बघा, झेड कॅपिटल. होममधे बनवलेली फाइल एमव्ही केली की जुनं लेबल घेऊनच येते, सीपी केली तर सहसा नव्या जागेचं लागतं, एवढ्यावरून लोकांच्या संध्याकाळी गेल्यात. सुडो रिस्टोअरकॉन -आरव्ही आणि फोल्डरचं नाव, आर कॅपिटल, झालं काम. एसईलिनक्स बंद करून टाका असा सल्ला सगळीकडे मिळेल, तो घेऊ नका.

एसएसएचने आत शिरता येत नाही

इथे एरर नीट वाचला की अर्धं काम होतं. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे मशीन जिवंत आहे, उत्तर देतंय, पण त्या पोर्टवर बहुतेक कोणी ऐकत नाहीये, एसएसएच बंद आहे किंवा पोर्ट बदललाय. कनेक्शन टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच येत नाहीये, बहुतेक वेळा मधे फायरवॉल आहे, क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप बघा, ऑफिसचा आयपी बदललाय का तेही बघा. आणि परमिशन डिनाइड, पब्लिक की, म्हणजे दारापर्यंत पोचलात पण किल्ली लागत नाहीये. तेव्हा एसएसएच -व्हीव्हीव्ही मारून कुठली की पाठवली जातेय ते बघा, आणि सर्व्हरच्या बाजूला .एसएसएच फोल्डर ७००, ऑथराइज्ड_कीज ६००, आणि होम फोल्डरवर ग्रुपला लिहायची परवानगी नको. ७७७ वाले इथेच सापडतात.

एसएसएचचा कॉन्फिग बदलताना मात्र एक नियम पाळा. चालू सेशन बंद करायचं नाही. सुडो एसएसएचडी -टी ने चूक तपासा, सर्व्हिस रीलोड करा, दुसरी खिडकी उघडून नवीन लॉगिन होतंय का बघा, झालं तरच पहिली बंद. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू करताना पण आधी अलाउ एसएसएच आणि मग एनेबल, उलटं केलंत तर नवीन लॉगिन बंद, आणि मग क्लाउडचा कन्सोल शोधत बसा.

नाव सापडत नाही

नेटवर्कचं काही झालं की दोन पिंग मारा, एक ८.८.८.८ ला आणि एक कुठल्यातरी डोमेनला. आकड्याला जातंय आणि नावाला जात नाही म्हणजे गडबड डीएनएसमधे, नावावरून आकडा शोधून देणाऱ्या यंत्रणेत. गेटएंट होस्ट्स पुढे डोमेन, हे डिग या डीएनएस तपासायच्या कमांडपेक्षा आधी मारा, कारण ॲप्लिकेशन ज्या रस्त्याने जातं त्याच रस्त्याने ते जातं, /ईटीसी/होस्ट्स सकट. कोणीतरी दोन वर्षांपूर्वी टेस्टिंगसाठी होस्ट्स फाइलमधे टाकलेली ओळ तिथे निघते, काखेत कळसा.

पण एक फसवा प्रकार सांगतो. सेंटओएस ७ वर यम (तिथली पॅकेज टाकायची कमांड) चालवलं की कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट मिररलिस्ट वगैरे येतं आणि माणूस डीएनएस दुरुस्त करत बसतो. डीएनएसला काही झालेलं नाही. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि तो मिररलिस्टचा पत्ताच नंतर बंद झाला, जुनी पॅकेजेस व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यावर हलवलीत. रेपो फाइलमधे व्हॉल्टचा पत्ता टाकून तात्पुरतं भागतं, पण सिक्युरिटी अपडेट आता येत नाहीत, त्यामुळे आल्मा किंवा रॉकीवर जायची तयारी करा.

मशीन रांगतंय

लोड ॲव्हरेज ८ म्हणजे वाईट का? कोअर किती त्यावर आहे, एनप्रॉक मारून बघा. ८ कोअर असतील तर ठीक, २ असतील तर रांग लागलीये. पण लिनक्समधे या आकड्यात सीपीयूची वाट बघणारेच नाही तर डिस्कची वाट बघत अडकलेले पण मोजले जातात, म्हणून सीपीयू निवांत आणि लोड २० असं दिसू शकतं. टॉप उघडा, वरच्या ओळीत डब्ल्यूए चा आकडा बघा, तो मोठा असेल तर डिस्क अडवतेय, आणि आयओटॉप ने कोण ते कळेल.

प्रोसेस मधेच गायब होत असेल आणि तिच्या स्वतःच्या लॉगमधे निरोपाची एक ओळ पण नसेल, तर सुडो डीमेसग -टी, टी कॅपिटल, आणि त्यात आउट ऑफ मेमरी किल्ड प्रोसेस शोधा. मेमरी संपली की कर्नल स्वतः कोणाचा तरी बळी घेतं, साधारण सगळ्यात जास्त खाणाऱ्याचा, म्हणून नेहमी बिचारा डेटाबेसच मरतो, जरी खरी गळती दुसरीकडे असली तरी. डॉकरमधे एक्झिट कोड १३७ दिसला तर तोच संशय घ्या, १२८ अधिक ९, म्हणजे कोणीतरी किल -९ ने मारलंय.

क्रॉन आणि तो पावणेआठचा फोन

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्राम. हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधे चालत नाही. कारण क्रॉनकडे तुमचा पाथ नसतो, त्याला फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन माहीत, आणि शेल पण साधं एसएच. स्क्रिप्टमधे पूर्ण पाथ लिहा. दुसरं म्हणजे क्रॉनटॅबच्या ओळीत % आलं की क्रॉन त्याला नवीन ओळ समजतं, त्यामुळे तारीख टाकलेलं बॅकअपचं नाव तिथेच तुटतं, % च्या आधी उलटा स्लॅश द्या. आणि ओळीच्या शेवटी >> /व्हार/लॉग/बॅकअप.लॉग २>&१ लावा, नाहीतर एरर जातो कुठे तेच कळत नाही.

तिसरं टाइमझोन. क्लाउडवरची मशीन बहुतेक यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतात. मी बॅकअप लावला होता रात्री २ चा, कोणी नसतं त्या वेळेला, अशा हिशोबाने. यूटीसीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. रोज साडेसातला डेटाबेसचा डंप सुरू, डब्ल्यूए आकाशाला, साइट रांगायला लागली की पंधरा मिनिटांत फोन. आणि मी रिबूट मारायचो, त्याने बॅकअप अर्धवट मरायचा आणि साइट चालू व्हायची, म्हणजे कित्येक दिवस मी स्वतःच माझा बॅकअप रोज सकाळी ठार करत होतो. ज्या दिवशी डंप लवकर आटपायचा त्या दिवशी फोन नाही, म्हणून पॅटर्न पण लक्षात येईना. टाइमडेटसीटीएल मारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मशीन यूटीसीवरच राहू द्या, लॉग जुळवायला सोपं पडतं, क्रॉनची वेळ मात्र साडेपाच तास वजा करून लिहा, म्हणजे आपल्या रात्री २ साठी २०:३०. आणि क्रॉनमधे वार टाकला असेल तर तोही एक दिवस मागे जातो, ते विसरू नका.

आणि रिबूटनंतर मशीन परत का येत नाही

त्या बॅकअपसाठी मी वेगळी डिस्क जोडली, /ईटीसी/एफएसटॅब (बूट होताना कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्याची यादी) मधे ओळ टाकली, हाताने माउंट केली, चालली, विसरलो. ओळीत यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या लांबलचक ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकलं होतं. हाताने माउंट करताना मी डिस्कचं नाव दिलं होतं, त्यामुळे चूक झाकली गेली. पुढे कधीतरी रिबूट केलं, आणि सिस्टमडी त्या नसलेल्या डिस्कची ९० सेकंद वाट बघून इमर्जन्सी मोडमधे गेलं, जिथे नेटवर्क नाही, एसएसएच नाही. क्लाउडच्या कन्सोलवरून रूटचा पासवर्ड देऊन आत गेलो, आणि तो पासवर्ड कोणाला माहीत नसता तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली असती.

म्हणून एफएसटॅबला हात लावला की लगेच, त्याच मिनिटाला:

सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय
सुडो यूमाउंट /बॅकअप
सुडो माउंट -ए

माउंट -ए एफएसटॅब वाचून माउंट करतं, म्हणजे बूटला काय होणार त्याची रंगीत तालीम. आणि सिस्टम चालायला जी डिस्क अत्यावश्यक नाही तिच्या ऑप्शनमधे नोफेल लिहा, मग ती नसली तरी मशीन वर येतं.

मी नोफेल लावलं आणि निवांत झालो. पुढच्या रिबूटला डिस्क आली नाही, मशीन मात्र व्यवस्थित आलं, कोणाला काही कळलं नाही, आणि बॅकअप स्क्रिप्ट रोज रात्री इमानदारीत /बॅकअप मधे लिहीत राहिली, फक्त आता तो रूटच्या डिस्कवरचा साधा फोल्डर होता. नऊ दिवसांनी डिस्क फुल. मी डिस्क परत माउंट केली, तर खालच्या फाइल्स तिच्या आड झाकल्या गेल्या, डीयूला दिसेनात, डीएफ १००% वर अडलेला, एलएसओएफ मधे पण काही नाही. यूमाउंट करून बघितल्यावर नऊ बॅकअप तिथे बसलेले सापडले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टची पहिली कामाची ओळ हीच असते:

माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १